फिजिक्समध्ये एमएससी: पदवी हातात पडण्यासाठी नेमकं काय काय पूर्ण करावं लागतं?

बीएससीचं तिसरं वर्ष संपत आलं की ठरलेले प्रश्न सुरू होतात. एमएससीला किती विषय असतात? प्रोजेक्ट सगळ्यांना करावाच लागतो का? एखादा पेपर राहिला तर वर्ष जातं का? पंचावन्न टक्के म्हणजे नेमके कशाचे? विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत या सगळ्याची उत्तरं असतात, पण ती दहा वेगवेगळ्या पानांवर आणि नियमांच्या भाषेत. म्हणून हा लेख.

मी मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधल्या दोन वर्षांच्या एमएससीबद्दल लिहितोय, आणि ज्यांना पुढे पीएचडी करायची आहे त्यांना समोर ठेवून. 'पास होणं' आणि 'पीएचडीच्या दारापर्यंत पोहोचणं' यांचे निकष थोडे वेगळे आहेत. अनेकांना हा फरक चौथ्या सेमिस्टरमध्ये कळतो, आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

१. आत जायचे रस्ते

मूळ अट साधी आहे: फिजिक्स हा मुख्य विषय घेऊन बीएससी. अनेक ठिकाणी सोबत गणितही मागतात, म्हणजे बीएससीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तरी गणिताचे पेपर झालेले असावे लागतात. फिजिक्स-केमिस्ट्री-इलेक्ट्रॉनिक्स असं कॉम्बिनेशन घेतलेल्यांनी ही अट अर्ज भरण्याआधीच तपासावी.

राज्यातल्या विद्यापीठांचे विभाग आणि संलग्न कॉलेजं आपापल्या पद्धतीने प्रवेश देतात. कुठे स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, कुठे बीएससीच्या गुणांवर मेरिट लिस्ट लागते. आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही परीक्षा. जॅमचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. त्यात ३० प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, १० प्रश्न एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे आणि २० प्रश्न थेट संख्या टाकायचे. निगेटिव्ह मार्किंग फक्त पहिल्या प्रकाराला आहे. परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते, पण फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी भरावा लागतो. 'बीएससीचा निकाल लागला की बघू' असं म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. टीआयएफआर आणि आयसरसारख्या संस्थांमध्ये बीएससीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीलाही जाता येतं, त्यांची निवड प्रक्रिया वेगळी.

२. क्रेडिट म्हणजे किती तास?

नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून राज्यात दोन वर्षांच्या एमएससीला एकूण साधारण ८० ते ८८ क्रेडिट पूर्ण करावे लागतात, म्हणजे दर सेमिस्टरला २० ते २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास लॅब.

हिशोब करून बघा. समजा एका सेमिस्टरला २२ क्रेडिट आहेत, त्यातले १६ थिअरीचे आणि ६ प्रॅक्टिकलचे. १६ गुणिले १५ म्हणजे २४० तास, ६ गुणिले ३० म्हणजे १८० तास. एकूण ४२० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २८ तास झाले. हे फक्त वर्गात आणि लॅबमध्ये बसायचे तास. प्रश्न सोडवणं, जर्नल लिहिणं, वाचन हे सगळं त्याच्या वर. घर चालवण्यासाठी पार्टटाइम काम करणाऱ्यांनी हा आकडा आधीच समोर ठेवून वेळापत्रक आखावं. हजेरीची अटही असते, साधारण ७५ टक्के. ती भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो.

ही क्रेडिट ढोबळमानाने पाच गटांत विभागलेली असतात: अनिवार्य विषय, ऐच्छिक विषय, रिसर्च मेथडॉलॉजी, ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, आणि रिसर्च प्रोजेक्ट. राज्याच्या आराखड्यात रिसर्च मेथडॉलॉजी पहिल्या सेमिस्टरला ४ क्रेडिटची, ऑन-जॉब ट्रेनिंग दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं, आणि रिसर्च प्रोजेक्ट तिसऱ्यात ४ व चौथ्यात ६ असा १० क्रेडिटचा आहे. आपापल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून हे आकडे पडताळून घ्या. नावं आणि क्रम थोडे इकडेतिकडे होतात.

३. विषय: एकात दुसरा गुंतलेला

अनिवार्य विषयांची यादी सगळीकडे जवळपास सारखीच: मॅथेमॅटिकल फिजिक्स, क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, सॉलिड स्टेट, ॲटॉमिक-मॉलिक्युलर, न्यूक्लिअर आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. नेटच्या अभ्यासक्रमातही हेच विषय आहेत, त्यामुळे इथे घेतलेली मेहनत दोनदा कामाला येते.

यादी वाचताना हे सुटे सुटे पेपर वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांवर रचलेले असतात. मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढायला शिकता, त्याच क्वांटम मेकॅनिक्समध्ये मोजता येणाऱ्या राशी बनून येतात. क्लासिकलमध्ये स्प्रिंगने जोडलेल्या दोन-तीन वस्तुमानांचे नॉर्मल मोड काढता, तेच गणित अणूंच्या लांबलचक साखळीला लावलं की सॉलिड स्टेटमध्ये फोनॉन मिळतात. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधलं फर्मी-डिरॅक वितरण समजलं नसेल, तर धातूतल्या इलेक्ट्रॉनांचा उष्माधारकतेत इतका कमी वाटा का, हे कळत नाही.

म्हणून पहिल्या सेमिस्टरचा पेपर राहणं हे फक्त 'एक विषय बॅक' इतकं साधं नसतं. मॅथेमॅटिकल फिजिक्स राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या सेमिस्टरमध्ये क्वांटमच्या तासाला बसतो तेव्हा त्याला अर्धं फळ्यावरचं दिसतं, अर्धं पाठ करावं लागतं. पुन्हा परीक्षा देऊन पेपर सुटतो, पण मधल्या सहा महिन्यांत जे समजायचं राहिलं ते आपोआप भरून निघत नाही. पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात जास्त वेळ द्या, असं मी सांगतो ते यासाठी.

ऐच्छिक विषय निवडताना 'कुठे मार्क जास्त मिळतात' हा एकच निकष लावू नका. मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करायची असेल तर थिन फिल्म, नॅनोमटेरियल किंवा स्पेक्ट्रोस्कोपीसारखा विषय उपयोगी. थिअरीकडे जायचं असेल तर ॲडव्हान्स्ड क्वांटम किंवा कॉम्प्युटेशनल फिजिक्स. कोणता विषय शिकवायला त्या विभागात खरोखर त्या क्षेत्रातले शिक्षक आहेत, हे सीनियर्सना विचारून घ्या. माहितीपुस्तिकेत आठ ऐच्छिक विषय छापलेले असतात आणि प्रत्यक्षात दोनच चालतात, असंही होतं.

४. प्रॅक्टिकल आणि जर्नल

प्रॅक्टिकलला स्वतंत्र पासिंग असतं. हॉल इफेक्ट, फोर-प्रोबने जर्मेनियमचा बँड गॅप, मायकेलसन इंटरफेरोमीटर, जीएम काउंटर हे नेहमीचे प्रयोग. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून आकडे 'बसवण्याची' प्रथा अनेक लॅबमध्ये आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. पदवीपुरतं त्याने भागतं, संशोधनात भागत नाही.

जीएम काउंटरचंच घ्या. किरणोत्सारी ऱ्हास यादृच्छिक असतो, त्यामुळे मोजलेल्या संख्येतली अनिश्चितता तिच्या वर्गमुळाइतकी असते. ४०० काउंट मिळाले तर अनिश्चितता २०, म्हणजे ५ टक्के. ती १ टक्क्यावर आणायची तर १०,००० काउंट हवेत, म्हणजे पंचवीसपट वेळ. हे एकदा स्वतः बसून मोजलं की 'रीडिंग किती वेळ घ्यायचं' या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर लक्षात राहतं. आणि व्हायवात बाहेरून आलेला परीक्षक हाच प्रश्न विचारतो.

५. रिसर्च प्रोजेक्ट: ८८ पैकी १० क्रेडिट

प्रोजेक्टची १० क्रेडिट प्रॅक्टिकलच्या मापाने म्हणजे ३०० तास. एका दिवसाला सहा तास धरले तरी ५० दिवस. पण अनेक ठिकाणी शेवटच्या तीन आठवड्यांत प्रोजेक्ट 'उरकला' जातो. मग पीएचडीच्या मुलाखतीत पॅनेल पहिलाच प्रश्न विचारतं, 'एमएससीला प्रोजेक्ट काय केला?' आणि पुढची पंधरा मिनिटं त्यावरच जातात.

एक नेहमीचं उदाहरण देतो. आपल्याकडे बऱ्याच विभागांत झिंक ऑक्साइडची थिन फिल्म बनवून तिचा एक्सआरडी काढायचा, असा प्रोजेक्ट असतो. ग्राफमध्ये ३४.४ अंशांच्या आसपास पीक येतो. त्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजायची, शेररच्या सूत्रात टाकायची आणि क्रिस्टलाइटचा आकार काढायचा. समजा रुंदी ०.४० अंश आली. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, स्थिरांक ०.९, कोन त्या आकड्याच्या निम्मा म्हणजे १७.२ अंश, आणि रुंदी रेडियनमध्ये ०.००६९८. उत्तर येतं सुमारे २०.८ नॅनोमीटर. रिपोर्टमध्ये बहुतेक जण '२०.७९ नॅनोमीटर' लिहून मोकळे होतात.

आता मुलाखतीत विचारतात: यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली का? यंत्रामुळेही पीक थोडा पसरतो. समजा तो पसरटपणा ०.१० अंश आहे. पीकचा आकार लॉरेन्झियन मानला तर रुंदी सरळ वजा होते, ०.३० अंश उरते आणि आकार येतो २७.७ नॅनोमीटर. गाउसियन मानला तर वर्गांची वजाबाकी करायची, ०.३८७ अंश उरतात आणि आकार येतो २१.५ नॅनोमीटर. तोच नमुना, तोच ग्राफ, फक्त गृहीतक बदललं आणि उत्तर २१ वरून २८ कडे सरकलं. फिल्ममध्ये ताण असेल तर त्यामुळेही पीक रुंदावतो, ते अजून धरलेलंच नाही. मग '२०.७९' मधल्या दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांना काय अर्थ राहिला?

हे ज्याने प्रोजेक्टमध्ये एकदा करून पाहिलं आहे, त्याला साध्या विषयावरही पंधरा मिनिटं आत्मविश्वासाने बोलता येतं. भारी यंत्रं नसलेल्या, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनाही हे शक्य आहे. एका एक्सआरडी ग्राफवर आणि साध्या स्प्रेडशीटवर वरचं सगळं करता येतं. विषय छोटा चालतो. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

गाईड निवडताना तीन गोष्टी बघा: ते आठवड्यातून एकदा तरी भेटतात का, लॅबमधले पीएचडीचे विद्यार्थी नवख्यांना हात लावू देतात का, आणि लागणारं यंत्र चालू आहे का. 'यंत्र पुढच्या महिन्यात दुरुस्त होईल' या वाक्यावर प्रोजेक्ट बांधू नका.

६. पासिंग, एटीकेटी आणि सीजीपीएचा घोळ

प्रत्येक विषयाला अंतर्गत मूल्यमापन आणि सेमिस्टरअखेरची परीक्षा असे दोन भाग. बऱ्याच विद्यापीठांत दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही अंतर्गतमध्ये नापास, असे प्रकार घडतात. अंतर्गतची टेस्ट, सेमिनार, असाइनमेंट यांच्या तारखा चुकवू नका.

काही विषय राहिले तरी एटीकेटीवर पुढच्या वर्षात जाता येतं. त्यासाठी पहिल्या वर्षाची किमान किती क्रेडिट मिळालेली हवीत, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. पदवी मात्र सगळी क्रेडिट पूर्ण झाल्यावरच. एक प्रॅक्टिकल जरी राहिलं तरी मार्कशीटवर पदवी दिसत नाही.

आता टक्केवारी. पीएचडीसाठी खुल्या प्रवर्गाला एमएससीत ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना व दिव्यांगांना नियमानुसार ५ टक्क्यांची सवलत आहे. मार्कशीटवर मात्र सीजीपीए असतो, आणि त्याची टक्केवारी काढायचं सूत्र सगळीकडे एक नाही. कुठे सीजीपीएला सरळ १० ने गुणतात, कुठे आधी ०.७५ वजा करून मग १० ने गुणतात. ६.० सीजीपीए असेल तर पहिल्या सूत्राने ६० टक्के, दुसऱ्याने ५२.५. एकच विद्यार्थी एका सूत्राने पात्र, दुसऱ्याने अपात्र! म्हणून आपल्या विद्यापीठाचं सूत्र पहिल्याच वर्षी शोधून ठेवा आणि शेवटी परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र शिक्क्यासह घ्या. ५४.८ टक्के असतील तर कुणीतरी ५५ धरेल, या भरवशावर राहू नका.

७. पदवीच्या पलीकडची पायरी: नेट

फिजिकल सायन्सेसची सीएसआयआर-नेट तीन तासांची आणि २०० गुणांची. ए भागात २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. बी भागात २५ पैकी २०, प्रत्येकी ३.५ गुण. सी भागात ३० पैकी २०, प्रत्येकी ५ गुण. म्हणजे ३०, ७० आणि १०० गुण. निम्मे गुण एकट्या सी भागाला आहेत, आणि तिथे पाठांतर चालत नाही, सवयीने प्रश्न सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण कापले जातात.

एमएससीच्या शेवटच्या वर्षात असतानाच निकालाची वाट न बघता नेटला बसता येतं. पुढे ठरलेल्या मुदतीत आवश्यक टक्केवारीसह पदवी पूर्ण करावी लागते. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. ज्या घरात 'अजून किती वर्षं शिकणार?' हा प्रश्न जेवताना रोज येतो, तिथे हा आकडा फार मोठा फरक करतो. जेआरएफ नाही लागली तरी २०२४ पासून नेटचा निकाल पीएचडी प्रवेशासाठीही धरला जातो. त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. शिवाय गेट आणि जेस्ट हे पर्याय आहेतच, आणि काही विद्यापीठं स्वतःची पेट परीक्षाही घेतात.

८. एक वर्षात एमएससी? मधेच बाहेर पडलं तर?

चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एमएससी एका वर्षात करता येते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. पण कागदावर पात्र असणं आणि तयारी असणं यात अंतर आहे. क्वांटम आणि स्टॅटिस्टिकलचा पाया कच्चा असेल तर एमएससीची वर्षं वाया जात नाहीत.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडावं लागलं तर मिळवलेल्या क्रेडिटवर पीजी डिप्लोमा मिळतो. ही क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. घरातल्या अडचणीमुळे, आजारपणामुळे किंवा नोकरीमुळे शिक्षण थांबवावं लागणाऱ्यांसाठी ही सोय खरंच कामाची आहे. त्यासाठी आपलं खातं उघडलेलं आहे का आणि प्रत्येक सेमिस्टरची क्रेडिट त्यात दिसतात का, हे स्वतः तपासा. कॉलेजने केलं असेल असं गृहीत धरू नका.

९. सेमिस्टरनिहाय यादी

पहिलं सेमिस्टर: पात्रता फॉर्म, टीसी आणि बाहेरच्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट वेळेत जमा करा. यातला एखादा कागद राहिला तर निकाल अडकतो. सगळा जोर मॅथेमॅटिकल, क्लासिकल आणि क्वांटमवर.

दुसरं सेमिस्टर: ऑन-जॉब ट्रेनिंगची जागा लवकर शोधा. जवळची कंपनी, प्रयोगशाळा, संशोधन संस्था, कुठेही चालेल, पण काम फिजिक्सशी जोडलेलं असू दे आणि प्रमाणपत्रावर तास लिहिलेले असू देत. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या समर फेलोशिपचे अर्ज बरेच महिने आधी सुरू होतात, तेही बघत राहा.

तिसरं सेमिस्टर: गाईड आणि विषय पहिल्या महिन्यात नक्की. नेटचा फॉर्म. मागचा बॅकलॉग असेल तर तो याच सेमिस्टरला काढा.

चौथं सेमिस्टर: प्रोजेक्टची मोजमापं शेवटच्या दीड महिन्याआधी संपवा, म्हणजे एखादं मोजमाप पुन्हा घ्यायला वेळ उरतो. पीएचडीच्या जाहिराती वाचायला लागा. निकाल लागला की मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट आणि सीजीपीए रूपांतराचं पत्र एकाच फेरीत घेऊन या. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभापर्यंत येत नाही, तोवर हेच कागद चालतात.

या यादीतलं बहुतेक काम ऑफिसच्या खिडकीवर होतं आणि कंटाळवाणं आहे. ते वेळेत झालं तर उरलेला वेळ फिजिक्सला देता येतो. आज एक काम करा: तुमच्या विद्यापीठाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम उघडा, क्रेडिटचा तक्ता एका कागदावर स्वतःच्या हाताने उतरवा आणि त्याखाली पासिंगचे नियम आणि सीजीपीएचं सूत्र लिहा. तो कागद टेबलासमोर चिकटवून ठेवा. पुढची दोन वर्षं त्याची गरज पडत राहील.